बघ्यांच्या बाजूने

प्रस्तावना

पुलावरच्या त्या माणसाच्या हातात पिशवी होती. काळी, रेक्झिनची, डबा न्यायला असते तशी. तिचा बंद त्याने मनगटाला दोनदा गुंडाळला होता. पाठ कठड्याला टेकलेली, पाय पसरलेले, मान छातीवर. सकाळी पावणेनऊची वेळ आणि मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनचा पूल. ओढ्यातलं पाणी दगडापाशी दुभंगतं आणि पुढे पुन्हा एक होतं, तशी गर्दी त्याच्या पायांपाशी दुभंगत होती. त्या गर्दीत मी होतो. ‘प्यायलेला असेल’ असं मनात आलं, दोन पावलांत त्याची खात्री झाली आणि चौथ्या पावलाला मी त्याच्या पुढे गेलेलो होतो. आठ-एकावन्न मिळाली.

गाडीत उभं राहायला जागा झाल्यावर तो बंद डोळ्यांपुढे आला. पिशवीचा बंद मनगटाला असा कोण गुंडाळतं? गर्दीच्या गाडीत चढणारा माणूस गुंडाळतो, पिशवी कुणात अडकून जाऊ नये म्हणून. म्हणजे तो थोड्याच वेळापूर्वी माझ्यासारखाच कामाला निघालेला होता. मला हे दिसलं होतं, त्याचा अर्थ मात्र मी गाडी सुटल्यावर लावला. पुढच्या स्टेशनावर उतरून परत जाता आलं असतं. गेलो नाही. संध्याकाळी परतताना तिथे कुणीतरी मोगऱ्याचे गजरे विकायला बसलं होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मधल्या काळात मी ती अनेकांना सांगितली. सांगण्यामागे थोडा स्वार्थही होता: कुणीतरी मला बरंवाईट बोलावं आणि ओझं उतरावं. तसं कुणी बोललं नाही. बहुतेकांनी मान हलवून एकच वाक्य म्हटलं: ‘माणुसकीच राहिली नाही हो.’ हे वाक्य मला तेव्हापासून खुपतं. ते म्हणणारा स्वतःला त्यातून अलगद बाहेर ठेवतो, आणि ऐकणाऱ्यालाही बाहेर काढतो. मी त्या पुलावर होतो आणि माझ्यातली माणुसकी त्या सकाळी संपलेली नव्हती. आदल्याच आठवड्यात मी एका अनोळखी आजींचं सामान दोन जिने वर नेऊन दिलं होतं. मग त्या चार पावलांत झालं काय? या पुस्तकातली प्रकरणं याच प्रश्नामागे गेली आहेत.

हा प्रश्न जगात ज्या घटनेमुळे गाजला तिच्यापासून सुरुवात करणं भाग आहे, आणि ती घटना नीट सांगणंही भाग आहे. मराठीत ती अनेकदा आली आहे, पण बहुतेक वेळा चुकीची.

न्यूयॉर्क शहर, क्वीन्स भाग, क्यू गार्डन्स ही वस्ती. 13 मार्च 1964, पहाटेचे सव्वातीन वाजून गेलेले. किटी जेनोवीज ही 28 वर्षांची तरुणी एका बारची व्यवस्थापक होती. काम आटोपून घरी आली, रेल्वे स्टेशनच्या आवारात गाडी लावली आणि घराकडे चालू लागली. विन्स्टन मोझली नावाच्या इसमाने तिला गाठून भोसकलं. ती किंचाळली. समोरच्या इमारतीतून एक माणूस ओरडला, ‘सोड तिला!’ मोझली पळाला. ती धडपडत इमारतीच्या मागच्या बाजूला गेली, एका दारातून आत बोळवजा जागेत कोसळली. थोड्या वेळाने मोझली परत आला, तिला शोधून काढलं आणि उरलेलं काम पुरं केलं. रुग्णवाहिकेतून नेताना ती वारली.

सुरुवातीला ही बातमी छोटीच आली. न्यूयॉर्कमध्ये खून ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हती. मग ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे शहर-संपादक ए. एम. रोझेन्थल यांचं पोलिस आयुक्तांबरोबर जेवण झालं आणि बोलता बोलता आयुक्त म्हणाले की या प्रकरणात अडतीस साक्षीदार होते. 27 मार्चला पहिल्या पानावर बातमी आली. अडतीस सभ्य, कायदा पाळणाऱ्या नागरिकांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ एका बाईचा खून होताना पाहिला आणि कुणीही पोलिसांना फोन केला नाही, असा तिचा आशय. गंमत अशी की मथळ्यात सदतीस होते आणि मजकुरात अडतीस. या विसंगतीकडे वर्षानुवर्षं फारसं कुणी पाहिलं नाही, कारण बातमी सगळ्यांना हवी तशीच होती. महानगर माणसाला दगड बनवतं, हे सिद्ध करणारी ती गोष्ट होती आणि तिला आकडाही होता. रोझेन्थल यांनी त्याच वर्षी तिच्यावर पुस्तक काढलं. पुढची चाळीस-एक वर्षं मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती तशीच छापली गेली.

2007 साली मॅनिंग, लेव्हाइन आणि कॉलिन्स या तिघा संशोधकांनी कोर्टातली कागदपत्रं आणि जुने पुरावे तपासून ही कथा उलगडली. अडतीस जणांनी खून पाहिल्याला आधार सापडत नाही. हल्ले दोन झाले, बातमीत होते तसे तीन नव्हेत. दुसरा, जीवघेणा हल्ला इमारतीच्या आत झाला. रस्त्यापलीकडच्या खिडक्यांतून तो दिसणं शक्यच नव्हतं. मार्चमधली थंडी, खिडक्या बंद, झोपमोड झालेले लोक. ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना ते बारमधून परतणाऱ्यांचं भांडण वाटलं. आपण आधी फोन केला होता, असंही काहींनी नंतर सांगितलं. आज आपण 112 फिरवतो त्या सहजतेने फिरवायचा एकच क्रमांक तेव्हा नव्हता. अमेरिकेतला 911 सुरू झाला 1968 मध्ये. पोलिस ठाण्याचा नंबर शोधायचा, किंवा ऑपरेटरला सांगायचं, आणि मग पलीकडून येणाऱ्या प्रश्नांना तोंड द्यायचं.

याचा अर्थ सगळे निर्दोष होते असाही नाही. एक शेजारी असा होता, ज्याने दार उघडलं, समोर चाललेलं पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्याने आधी एका मित्राला फोन केला, मग खिडकीतून शेजारणीच्या घरात गेला आणि बऱ्याच वेळाने फोन पोलिसांपर्यंत पोचला. आणि एक शेजारीण अशीही होती, जी कळल्याबरोबर जिना उतरून धावत गेली, हल्लेखोर तिथेच असेल का याचा विचार न करता, आणि तिने किटीला मांडीवर घेतलं. अडतीसच्या कथेत या बाईला जागा नव्हती.

आणखी एक तपशील मला या सगळ्याहून मोलाचा वाटतो. मोझली पकडला गेला कसा? खुनानंतर सहा दिवसांनी, क्वीन्समध्येच, तो एका घरातून टीव्ही उचलून नेत होता. एका शेजाऱ्याने हटकलं. ‘सामान हलवायला आलोय’ असं उत्तर मिळाल्यावर त्याने दुसऱ्या शेजाऱ्याला विचारलं, हे लोक घर बदलतायत का? नाही म्हटल्यावर एकाने पोलिसांना फोन लावला आणि दुसऱ्याने खाली जाऊन मोझलीच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवला, म्हणजे ती सुरूच होऊ नये. म्हणजे ज्या खुनाने ‘शेजारी मदत करत नाहीत’ हा सिद्धांत जगाला दिला, त्याचा खुनी दोन चौकस शेजाऱ्यांनी पकडून दिला.

तरीही त्या चुकीच्या बातमीने एक चांगलं काम केलं. बिब लाताने आणि जॉन डार्ली हे न्यूयॉर्कमधले दोन तरुण मानसशास्त्रज्ञ. शहर बधिर झालंय, लोक निगरगट्ट झालेत, ही चर्चा त्यांनीही ऐकली आणि त्यांना पडलेला प्रश्न वेगळा होता: इतके लोक असूनही कुणी आलं नाही असं आपण म्हणतो, इतके लोक होते म्हणूनच कुणी आलं नाही, असं तर नसेल?

त्यांनी विद्यार्थ्यांना एकेका खोलीत बसवलं आणि कॉलेजजीवनातल्या अडचणींवर इंटरकॉमवरून गप्पा मारायला सांगितलं. पलीकडचा एक मुलगा सुरुवातीलाच सांगतो की मला कधीकधी फीट येते. थोड्या वेळाने त्याचा आवाज अडखळू लागतो, तो मदत मागतो, घुसमटतो. हे सगळं आधी ध्वनिमुद्रित केलेलं होतं, पण खोलीतल्या मुलाला ते माहीत नव्हतं. आपण दोघेच बोलत आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले 85 टक्के फीट ओसरण्याआधीच उठून धावले. आपल्याशिवाय आणखी चौघे हे ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले 31 टक्के उठले. मुलं त्याच विद्यापीठातली, घुसमट तीच, टेपही तीच.

अकबर-बिरबलाच्या गोष्टींतला दुधाचा हौद आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. प्रत्येकाने रात्री एक तांब्या दूध ओतायचं असतं आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला निघतो, कारण बाकीचे दूध ओततीलच अशी प्रत्येकाची खात्री असते. पण ती गोष्ट लबाडीची आहे. डार्ली-लाताने यांच्या खोल्यांमध्ये लबाडी नव्हती, आणि इथे मला वाचकाला थोडं थांबवायचं आहे. प्रयोग संपल्यावर संशोधक आत गेले तेव्हा न उठलेली मुलं निवांत बसलेली सापडली नाहीत. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो बरा आहे ना? उठलेल्या मुलांपेक्षा ही मुलं जास्त अस्वस्थ होती. मदत करायची नाही असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. त्यांचं काहीच ठरलेलं नव्हतं. ती ठरवण्याच्या मधोमध अडकून पडली होती.

दुसरा प्रयोग धुराचा. एका खोलीत लोक अर्ज भरत बसलेत आणि भिंतीच्या झडपेतून धूर येऊ लागतो. एकटा बसलेला माणूस असेल तर 75 टक्के जणांनी बाहेर जाऊन कळवलं. शेजारी दोन जण असे बसवले, की ज्यांना काहीही न करण्याची सूचना होती, तर कळवणारे राहिले 10 टक्के. बाकीचे डोळे चोळत, खोकत, कागदाभोवतीचा धूर हाताने वारत अर्ज भरत राहिले. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणारे आपण. पाच जण शांत बसले असतील तर परमेश्वरही शांतच असणार. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेत होता, आणि चार लोकांत घाबरलेलं दिसू नये म्हणून प्रत्येकाने आपला चेहरा जपून ठेवला होता. मराठीत याला नेमका वाक्प्रचार आहे, हात दाखवून अवलक्षण. धूर नुसता वाफेचा निघाला तर? पुलावरचा माणूस खरंच प्यायलेला असला आणि त्याने चार शिव्या हासडल्या तर? आठ-एकावन्नच्या गर्दीत माझं हसं झालं असतं. या एवढ्याशा भीतीचं वजन मी फार उशिरा ओळखलं.

आणि घाई. डार्ली यांनी डॅनियल बॅटसनबरोबर 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला व्यक्तिशः सगळ्यात लागतो. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातले चाळीस विद्यार्थी, उद्याचे पाद्री. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्यायचं होतं. त्यातल्या निम्म्यांचा विषय बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची कथा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची. वाटेत एका दारात एक माणूस विव्हळत, खोकत बसवलेला. भरपूर वेळ आहे असं सांगितलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही. काही जण तर शोमरोन्याची कथा सांगायला निघाले होते आणि त्या माणसाला ओलांडून गेले. मुंबईत रोज सकाळी लाखो माणसांना ‘उशीर झालाय’ असं घड्याळच सांगत असतं.

इथवरचं सगळं अमेरिकेतलं. पुस्तकाचा आराखडा केला तेव्हा मी इथेच थांबणार होतो, आणि तिकडचं मानसशास्त्र इकडच्या रस्त्यांवर जसंच्या तसं लावून मोकळा होणार होतो. ते किती चुकीचं झालं असतं, हे मला रिक्षावाल्यांनी शिकवलं. त्याबद्दल शेवटी सांगेन.

आपल्याकडे अपघाताभोवती जमलेल्या बघ्यांना विचारा. ‘कुणीतरी फोन केला असेल’ हे उत्तर मिळतंच, पण त्याच्या आधी येतं ते ‘नसतं लचांड’. पोलिस नाव-पत्ता लिहून घेणार, ठाण्यात बसवून ठेवणार, तूच उडवलंस का म्हणून विचारणार. दवाखाना ‘एमएलसी, म्हणजे पोलिस केस आहे’ म्हणून पुढे पाठवणार किंवा आधी पैसे भरायला सांगणार. मग पंच, साक्ष, तारखा. सेव्हलाइफ फाउंडेशनने 2013 मध्ये केलेल्या पाहणीत 74 टक्के लोकांनी आपण रस्त्यावरच्या जखमीला मदत करण्याची शक्यता कमीच असल्याचं म्हटलं आणि त्यांतल्या 88 टक्क्यांनी कारण दिलं ते पोलिसी आणि कायदेशीर कटकटीचं. याला ‘दुसरं कुणीतरी करेलच’ अशी जबाबदारीची विभागणी वगैरे म्हणता येत नाही. हे विकतचं श्राद्ध टाळणं आहे, आणि अनुभवातून आलेलं आहे. परमानंद कटारा खटल्यामागची घटना पाहा. वाहनाने उडवलेल्या स्कूटरस्वाराला एकाने जवळच्या दवाखान्यात नेलं, तर ‘इथे पोलिसी प्रकरणं घेत नाहीत’ म्हणून त्याला 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं गेलं आणि तो वाटेतच गेला. आधी जीव वाचवा, कागद नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात 1989 मध्ये बजावलं. त्यानंतर कितीतरी वर्षं दवाखान्यांच्या खिडक्यांवर आधी कागदच मागितला जात होता.

भीती जिवाचीही असते. 20 ऑक्टोबर 2011 च्या रात्री अंधेरीच्या अंबोली भागात, एका उपाहारगृहाबाहेर, मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला दोन तरुणांनी हटकलं. तो साथीदार घेऊन परत आला आणि त्या दोघांना भोसकलं गेलं. दोघेही गेले. भोवती माणसं होती. त्या घटनेवर तेव्हा जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं बघ्यांना शिव्या घालणारं होतं. मीही लिहिलं होतं. आज ते कात्रण वाचताना लाज वाटते, कारण चाकूसमोर नि:शस्त्र माणसाने नेमकं काय करावं याबद्दल त्यात एक ओळही नाही. चाकूच्या अंगावर जाणं हे मदतीचं एकमेव रूप नसतं. पाच जणांनी मिळून आरडाओरडा करणं, दुकानाचं शटर वाजवणं, जखमींना गाडीत घालणं, हे जमण्यासारखं असतं. पण ते कुणीतरी आधी कधीतरी बोललेलं असावं लागतं. ऐन वेळी सुचत नाही.

आता याच मुंबईची दुसरी बाजू. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कंबरभर पाण्यात अनोळखी माणसं हाताची साखळी करून एकमेकांना नेत होती, चाळींतून चहा-बिस्किटं खाली येत होती. पुढच्याच वर्षी, 11 जुलैला, लोकल गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. रुळांलगतच्या झोपड्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांच्याच झोळ्या करून जखमींना उचललं. तेव्हा गर्दी पूर्वीइतकीच होती आणि पोलिसही तेच होते. मग फरक कशाने पडला? एक तर शंकेला जागा नव्हती. काय घडलंय ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायची गरजच नव्हती. आणि दुसरं, त्या घटकेपुरतं सगळे ‘आपले’ झाले होते.

हे ‘आपलं’ असणं किती पातळ आणि किती बळकट असतं, यावर इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रयोगाला पुस्तकात पूर्ण प्रकरण दिलं आहे. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक धावणारा माणूस घसरून पडतो. अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर भराभर मदत, लिव्हरपूलचा असेल तर फारच थोडी. पण त्याच चाहत्यांशी आधी ‘एकूणच फुटबॉलप्रेमी’ म्हणून बोलणं झालेलं असेल, तर लिव्हरपूलचा शर्टही ‘आपला’ होतो. लाताने यांच्याही एका प्रयोगात, शेजारच्या खोलीत बाई पडल्याचा आवाज आल्यावर, मित्रांची जोडी बसलेली असेल तर 70 टक्के वेळा मदत झाली, अनोळखी जोडी असेल तर 40 टक्के. गावातली गर्दी आणि शहरातली गर्दी यांच्यातला फरक माणुसकीचा नसून ओळखीचा असावा, असं मला वाटतं. अर्थात गावात ‘आपला’ कोण आणि परका कोण हे ठरवणाऱ्या जातीच्या रेषा आहेत, आणि त्या रेषांपलीकडे पडलेल्या माणसासाठी गावची गर्दी शहराहून निर्दय होऊ शकते. त्याबद्दल पाचव्या प्रकरणात मी लिहिलं आहे आणि ते लिहिताना माझी सगळ्यात जास्त खाडाखोड झाली आहे.

बंद डब्यातली गर्दी कशी वागते याचा अभ्यास न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत 1969 साली प्रसिद्ध झाला. चालत्या गाडीत एक माणूस कोसळायचा. त्याच्या हातात काठी असेल तेव्हा 65 पैकी 62 वेळा प्रवासी आपणहून मदतीला आले. दारूचा वास आणि हातात बाटली असेल तेव्हा 38 पैकी 19 वेळा. आणि डब्यात माणसं जास्त म्हणून मदत कमी, असं मुळीच आढळलं नाही. अलीकडे अ‍ॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दर दहापैकी नऊ भांडणांत बघ्यांपैकी किमान एकाने तरी मध्ये पडून काहीतरी केलं होतं, आणि बघे जेवढे जास्त तेवढी कुणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त होती. हे वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा खूश झालो आणि मग त्या ‘बाटली’च्या आकड्यापाशी येऊन थांबलो. प्यायलेला असेल, हे आपण पडलेल्या माणसाबद्दल किती चटकन ठरवतो! साखर उतरलेला माणूस अडखळतो, बरळतो, घामाने निथळतो. फीट येऊन गेलेला माणूस गुंगीत असतो. आणि समजा प्यायलेलाच आहे, तरी उलटी घशात अडकून मरू नये एवढा हक्क त्याला असावा की नाही?

फीटवरून आठवलं. आपल्याकडचे बघे नुसतेच बघतात असं नाही. कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, हातात किल्ल्यांचा जुडगा देतात, दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घालतात. यातल्या कशाचाही उपयोग नाही, चमच्याने तर दात तुटतात. पण ही मंडळी हात बांधून उभी नसतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. काहीतरी करायची इच्छा आहे, ज्ञान वाकडं आहे. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, आणि झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर 108 ला कळवा. एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं. शेवटच्या भागातली प्रकरणं अशीच, कामाची आहेत. बघ्यांच्या घोळक्यात ‘अरे कुणीतरी फोन करा’ म्हणण्याऐवजी ‘अहो निळा शर्ट, तुम्ही 108 ला लावा, ताई, तुम्ही गाड्या थांबवा’ असं म्हणायचं, हेही त्यातच आहे. निळ्या शर्टवाल्याला बोट दाखवलं की त्याचा गर्दीतला आडोसा जातो. माझा अनुभव असा की तो सुटल्यासारखा पळत कामाला लागतो, जणू कुणी सांगायचीच वाट बघत होता.

हे सगळं वाचून कुणी सुधारतं का, असा प्रश्न प्रकाशकांनी केला आणि तो रास्त होता. 1978 मध्ये आर्थर बीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. ज्या विद्यार्थ्यांनी बघ्यांच्या मानसशास्त्रावर व्याख्यान ऐकलं होतं, त्यांना दोन आठवड्यांनी, वेगळ्याच निमित्ताने, वाटेत एक पडलेला माणूस दिसेल असं घडवून आणलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 43 टक्के थांबले, न ऐकलेल्यांपैकी 25 टक्के. म्हणजे ऐकूनही निम्म्याहून जास्त लोक पुढे गेलेच. पण शंभरात अठरा माणसं जास्त थांबत असतील तर अडीचशे पानं लिहायला हरकत नाही, असा मी हिशेब मांडला.

प्रकाशकांना पुस्तकाचं नाव ‘मुर्दाड गर्दी’ हवं होतं. ते खपलं असतं, यात शंका नाही. आमची त्यावरून दोनदा कडाक्याची चर्चा झाली आणि दुसऱ्या वेळी मी त्यांना विचारलं, तुम्ही स्वतः कधी कुणाच्या अंगावरून पुढे गेला आहात का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी त्यांच्या पुलाची गोष्ट सांगितली. त्यांचा पूल म्हणजे एक टोलनाका होता. नाव बदललं.

आता रिक्षावाले. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 ला सेव्हलाइफच्या याचिकेवर मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांवर बंधनकारक केली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं, 2020 मध्ये त्याचे नियम. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, त्याला अडकवून ठेवता येत नाही, तो साक्षीदार व्हायला तयार झाला तर जबाब त्याच्या सोयीने घ्यायचा. आणि हे हक्क प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावायचे. मी ते लावलेले बघायला एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. दारावरच्या सुरक्षारक्षकाला ठाऊक नव्हतं, चौकशी-खिडकीवरच्या बाईंना ठाऊक नव्हतं. तासाभराने सापडला, तो फलक पाण्याच्या कूलरच्या मागे होता. मराठीतला खालचा अर्धा भाग कूलरने झाकलेला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रिक्षा संघटनेच्या प्रथमोपचार वर्गात मला पंधरा मिनिटं बोलायला बोलावलं होतं. मी हे कलम समजावून सांगितलं. चाळीसेक जण ऐकत होते. मागच्या रांगेतले साठीतले एक काका उभे राहिले आणि म्हणाले, नव्वद साली एकाला दवाखान्यात नेलं होतं, त्या पायी चार वर्षं तारखा केल्या, रिक्षा दोन महिने ठाण्याच्या आवारात पडून होती, सीट उंदरांनी खाल्ली. तेवढ्या दिवसांचा धंदा कुणी भरून दिला नाही. मी विचारलं, मग नंतर कधी कुणाला नेलंत का? कसं कोण जाणे, पण उत्तर ‘नाही’ असणार अशी माझी खात्री होती.

‘नेलं की,’ ते म्हणाले. ‘तीन वेळा. पण आता रिक्षा गेटाबाहेरच लावतो. उचलून आत नेतो, स्ट्रेचरवर ठेवतो आणि निघतो. नंबर कुणाला दिसत नाही.’ मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘तुम्ही सांगताय तो कागद खरा असेल, तर आत आणू का रिक्षा? म्हातारपणी माणूस उचलून पाठ धरते.’